यकृताचा हेळवी

मिरजेच्या त्या प्रयोगशाळेत यंत्र आलं तेव्हा त्याच्या खोक्यावर लांबलचक परदेशी नाव होतं. पंधरा दिवसांत ते नाव सगळे विसरले आणि यंत्राला 'हेळवी' म्हणू लागले. हे बारसं डॉक्टर मगदुमांनी केलं. त्यांच्या लहानपणी सुगीनंतर बैलावर बसून हेळवी दारात यायचा आणि घराण्याच्या सात पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवायचा. कोण कुठून आलं, कोणाला किती मुलं झाली, कोण कधी गेलं. "हाही तेच करतो," डॉक्टर म्हणाले, "फक्त घराण्याऐवजी यकृताचं सांगतो. आणि जोंधळे मागत नाही, वीज मागतो."

हर्षदा सुतार तेव्हा हसली होती. तिचं काम हेळव्याच्या आधीचं. सुईनं काढलेला यकृताचा तुकडा मेणाच्या वडीत बसवलेला असायचा. त्या वडीतून केसाहून पातळ काप काढून काचेवर पसरायचा. एका सुताराच्या मुलीनं रंधा मारल्यासारखे काप काढावेत यात नवल नव्हतं, असं तिला कोणी ना कोणी दर महिन्याला ऐकवायचंच.

यंत्र काय करायचं ते सांगायला फार वेळ लागत नाही. यकृताला मार बसला की तिथं व्रण धरतो, आणि व्रण म्हणजे प्रथिनाचे धागे. आपलं शरीर ही प्रथिनं ज्या कणांपासून विणतं, ते सगळे कण डावखुरे असतात. पण धागा एकदा विणून पडून राहिला की त्यातला एखादा कण वर्षानुवर्षं हळूच कूस बदलतो आणि उजवा होतो. डाव्यांत उजवे किती मिसळले ते मोजलं की धागा किती जुना ते कळतं. हेळवी एकेका धाग्याजवळ थांबून हे मोजायचा आणि पडद्यावर प्रत्येक व्रणापुढं साल लिहायचा.

दुसरी गोष्ट हेळव्याआधीपासून ठाऊक होती. यकृत म्हणजे लाखो षट्कोनी खोल्या. प्रत्येक खोलीच्या मधोमध एक शीर, आणि कोपऱ्यांवर पित्ताच्या बारीक नळ्या. दारूचा मार आधी मधोमध बसतो. पित्त तुंबलं तर मार आधी कोपऱ्यांवर बसतो. जागेवरून कारण कळतं, आणि आता धाग्यावरून साल.

एवढ्यावर वर्षभरात काय काय झालं. सासरच्यांनी सुनांना आणि सुनांनी सासरच्यांना हेळव्यापुढं उभं केलं. केसाएवढ्या सुईनं, न दुखता तुकडा निघतो म्हटल्यावर काही स्थळं पत्रिकेबरोबर मुलाच्या यकृताचा दाखला मागू लागली. मग मेलेल्यांची पाळी आली. प्रयोगशाळेच्या तळघरात दहा वर्षांच्या वड्या नीट रचून ठेवलेल्या होत्या, आणि माणूस गेला तरी त्याची वडी बोलू शकत होती. तेव्हा सरकारनं नियम केला: मृताचं वाचन करायचं तर वारसांपैकी दोघांची सही हवी.

दोन हजार चव्वेचाळीसच्या डिसेंबरात दहा वर्षं पुरी झालेल्या वड्या जाळायला काढायच्या होत्या. यादी हर्षदाच्या हातात आली. चौथ्या पानावर तिला नाव दिसलं. जयवंत बाबूराव सुतार, वय चोपन्न.

तिनं यादी पूर्ण वाचली. मग तळघरात जाऊन ती एक वडी मांडणीतून काढली आणि आपल्या ड्रॉवरमध्ये, चष्म्याच्या डबीत ठेवली.

*

जयवंत सुतार, म्हणजे हर्षदाचे अण्णा, फर्निचरला पॉलिश मारायचे. सांगली-मिरजेत त्यांच्यासारखा हात नव्हता असं लोक म्हणत, आणि त्यात अतिशयोक्ती असली तरी थोडी. चपडा लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवायची, गाळायची, कापसाचा बोळा फडक्यात गुंडाळून त्यात बुडवायचा आणि लाकडावर गोल गोल फिरवत राहायचं. पन्नास हात, साठ हात. त्यांच्या कपड्यांना, केसांना, हातांच्या रेषांनाही स्पिरिटचा वास असायचा.

त्यांच्याबरोबर गणपा नावाचा जोडीदार होता. तो पॉलिशचं स्पिरिट प्यायचा. फडक्यातून गाळून लाख बाजूला काढायची आणि उरलेलं प्यायचं. त्या धंद्यात असे पुष्कळ होते. "गणपा अर्धी बाटली कपाटाला देतो, अर्धी स्वतःला," अण्णा म्हणायचे, "म्हणून कपाट फिकं आणि गणपा चकचकीत."

हर्षदा सात वर्षांची असताना तिनं अण्णांना मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, पाठमोरं बसून, फडक्यातून काहीतरी गाळताना पाहिलं. तेच फडकं आणि तीच बाटली. ती पळत घरात आली आणि कोणाला काही बोलली नाही. पॉलिशसाठीही गाळतात हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. गणपा लाख टाकायचा आणि स्पिरिट ठेवायचा. अण्णा लाखेतला कचरा टाकायचे आणि लाख ठेवायचे. फडक्यात काय राहिलं आणि वाटीत काय उतरलं, एवढंच बघायचं होतं. ती बघायला थांबली नाही. पुढं सतरा वर्षं तो वास आला की तिच्या मनात तीच पाठ यायची.

अण्णांच्या पोटात दुखायचं, दुखणं थेट पाठीत जायचं. खाल्लेलं अंगी लागेना. शेवटी कळलं की स्वादुपिंडाला जुनी सूज आहे, त्यात खडे झालेत. मग डोळे पिवळे झाले. रक्ताच्या तपासण्यांत यकृत बिघडलेलं दिसलं, सुई घालून तुकडा काढायचं ठरलं आणि एका दमलेल्या तरुण डॉक्टरानं फॉर्म पुढं ओढला. आई तेव्हा केसपेपरच्या रांगेत उभी होती, अण्णांजवळ हर्षदा एकटीच होती.

"पिता का?"

"नाही साहेब."

"कधीच नाही?"

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. "आता नाही," म्हणाले.

डॉक्टरानं हर्षदाकडं पाहिलं. "ताई, तुम्ही सांगा. पेशंट कधीच हो म्हणत नाहीत."

तिनं अण्णांच्या त्या गप्प राहण्याकडं पाहिलं होतं. ती "हो" म्हणाली.

अण्णांनी मान वळवून तिच्याकडं बघितलं, मग भिंतीकडं. फॉर्मवर लिहिलं गेलं: मद्यपान: होय, मुलीच्या सांगण्यानुसार. त्यानंतर समुपदेशन, गोळ्या आणि तीन महिन्यांनी या. तीन महिने भरायच्या आत एका दुपारी त्यांना थंडी वाजून ताप आला आणि चौथ्या दिवशी ते गेले.

दोन वर्षांनी हर्षदा या प्रयोगशाळेत लागली. का लागली, हे तिला कोणी विचारलं नाही.

आता वडी चष्म्याच्या डबीत होती आणि हर्षदा मनातल्या मनात एकच मागत होती: अण्णा पीत असावेत. पीत असले तर तिचं "हो" खरं होतं आणि ती मोकळी होती. आपल्या मेलेल्या बापासाठी आपण काय मागतोय हे तिला कळत होतं. तरी ती तेच मागत होती.

*

"कशाला गं?" आई म्हणाली. शालनबाई ओट्याशी बसून मेथी निवडत होत्या. "गेलेल्या माणसाला परत सुया कशाला टोचायच्या?"

"सुई तेव्हाच टोचलीय, आई. आता नुसतं वाचायचं."

"आणि वाचून?"

"वड्या जाळायला चालल्यात. परत कधी विचारता यायचं नाही."

शालनबाईंनी एक जुडी संपवली आणि दुसरीचा दोरा सोडला. दहा वर्षांत या घराच्या बाहेरच्या खोलीत अण्णांचा फोटो लागला नव्हता. फोटो होता, कपाटात होता. त्याला सागवानी चौकट होती, अण्णांनीच हर्षदाच्या पदवीच्या फोटोसाठी बनवलेली, पण पॉलिश मारायची राहून गेलेली. कोरी चौकट भिंतीवर बरी दिसत नाही, असं आई म्हणायची. गल्लीत मात्र कमळाकाकू वेगळं म्हणायच्या. बेवड्याचा फोटो कोण लावतं, म्हणायच्या.

"वाईट निघालं तर?" आईनं मान वर न करता विचारलं.

म्हणजे आईलाही तेच वाटतं, हर्षदाच्या मनात आलं. तिला आधार वाटला आणि लगेच त्या आधाराची लाज वाटली.

"निघालं तर निघालं."

"तू शिकलेली. तुला सोसायचं असेल तर बघ." शालनबाईंनी हात पदराला पुसले, हर्षदानं आधीच सही केलेला संमतीचा कागद गुडघ्यावर घेतला आणि पूर्ण नाव लिहून सही केली. लिहायला वेळ लागला. नवऱ्याच्या नावापाशी त्यांचं पेन थोडं अडखळलं.

"काय झालं?"

"काही नाही. थांबले होते नुसती."

*

काप हर्षदानंच काढले. डॉक्टर मगदूम मागं उभे होते. नाव त्यांनी वाचलं होतं, पण काही बोलले नव्हते. साठी ओलांडलेला, मिश्या रंगवणारा, चहात बिस्किट बुडवून ते विसरणारा माणूस. त्या दिवशी त्यांनी चहा मागवलाच नाही.

हेळवी पाऊण तास मोजत होता. पडद्यावर षट्कोनी खोल्या उमटल्या आणि एकेक कोपरा पिवळा होऊ लागला. प्रत्येक पिवळ्यापुढं साल. एकतीस. बत्तीस. तेहेतीस. चौतीस. कोपऱ्यांवरून निघालेले धागे एकमेकांना गाठायला निघाले होते, सगळे कोपऱ्यांवरून. मधोमध स्वच्छ होतं.

"पित्त तुंबलेलं," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज काम करतानाचा होता. "पित्ताची मोठी नळी आतड्याकडं जाताना स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते. स्वादुपिंड सुजून कडक झालं की ती आवळली जाते. पावसाळ्यात चौकट फुगली की कडी जशी..."

"अडकते," हर्षदा म्हणाली.

"अडकते. कडीत काही दोष नसतो. यकृतातही नव्हता."

ती पडद्याकडं बघत राहिली. तिला जे हवं होतं ते पडद्यावर कुठंच नव्हतं.

"सर, फॉर्मवर मुलीच्या सांगण्यानुसार असं लिहिलंय. ती मुलगी मीच."

"मला अंदाज होता."

"मी हो म्हणाले नसते तर?"

डॉक्टरांनी जुना रिपोर्ट पडद्यावर घेतला. चौतीस सालचा, दोन ओळींचा: चित्र मद्यपानाशी सुसंगत. खाली सही. सही मगदुमांची होती.

"मी काच बघायच्या आधी फॉर्म वाचला," ते म्हणाले. "आम्ही सगळे वाचतो. फॉर्ममध्ये दारू होती म्हणून मी मधोमध शोधत बसलो, आणि शोधणाऱ्याला थोडंफार सापडतंच. कोपऱ्यावरचे व्रण तेव्हाही काचेवर होते, हर्षदा. त्यासाठी हेळवी लागत नाही. डोळे लागतात."

त्यांनी जुना रिपोर्ट बाजूला सारून हेळव्याचं चित्र परत पडद्यावर आणलं.

"तेव्हा कळलं असतं तर त्या नळीत दुसरी एक बारीक नळी बसवली असती. पित्त वाहतं झालं असतं. तुंबलेल्या पित्तात जंतू धरतात आणि थंडी वाजून ताप येतो, तेही टळलं असतं. पित्त वाहतं झालं की यकृत पुष्कळदा सावरतं, व्रणसुद्धा विरतात. स्वादुपिंडाचं दुखणं राहिलं असतं. किती वर्षं मिळाली असती ते मी सांगू शकत नाही, हाही सांगू शकत नाही." त्यांनी यंत्राकडं बोट केलं आणि बोट तसंच पडद्याकडं नेलं. "थांब. हे काय?"

एका खोलीच्या मधोमध, शिरेला लागून, एक फिका धागा होता. मग शेजारच्या खोलीत तसाच एक. इतके बारीक की आधी नजरेला आले नव्हते. हेळव्यानं पुढं साल लिहिलं होतं: आठ. नऊ. दहा.

"हे मात्र दारूचं," डॉक्टर म्हणाले. "जवळजवळ विरलंय. दोन हजार दहानंतर मधोमध एकही नवा धागा नाही. चोवीस वर्षांत एकही नाही." त्यांनी चष्मा काढला. "दहा साली काय झालं होतं?"

हर्षदा दोन हजार दहाच्या जूनमध्ये जन्मली होती. तिनं ते सांगितलं नाही. तिला अण्णांचं ते गप्प राहणं आठवत होतं. "कधीच नाही?" या प्रश्नानंतरचं. खोटं बोलणारा माणूस इतका थांबत नाही. अण्णा थांबले होते, कारण "कधीच" या शब्दाला त्यांना खरं उत्तर द्यायचं होतं.

*

घरी आली तेव्हा उन्हं उतरत होती. आई शेडच्या पायरीवर बसली होती. हर्षदा चपला न काढताच तिच्या शेजारी बसली आणि सगळं सांगितलं. कोपरे, मधला भाग, सालं. मग जे दहा वर्षं सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. रांग, डॉक्टर, तिचं "हो".

शालनबाई रस्त्याकडं बघत होत्या. "मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

"काय ठाऊक आहे?"

"तू हो म्हणालीस ते. त्याच संध्याकाळी सांगितलं होतं त्यांनी मला."

हर्षदा पायरीवरच तिच्याकडं वळून बसली.

"मी उठले होते. म्हटलं, डॉक्टरला जाऊन सांगते, चोवीस वर्षांत थेंब नाही शिवला या माणसानं. तर माझा हात धरला. म्हणाले, राहू दे. पोरगी डॉक्टरांपुढं खोटी पडेल. तिला वाटलं तेच ती बोलली, खोटं नाही बोलली. गोळ्याच तर देतायत, घेतो की. दारू सोडायच्या गोळ्या न पिणाऱ्याला काय करणार? हसत होते. मीपण हसले. आता सांग, मी तेव्हा हात सोडवून गेले असते तर?"

दहा वर्षं आईही तोच हिशेब मांडत होती, आणि मुलीपासून लपवत होती. हर्षदानं तिच्याकडं पाहिलं.

"सही करताना तू वाईट निघालं तर म्हणालीस."

"ते आधीचं निघेल म्हणून. लग्न झालं तेव्हा प्यायचे. गणपाच्या नादानं, दोन-तीन वर्षं. चांगलेच प्यायचे. तुला त्यातलं काही कळू नये एवढं एकच त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं." शालनबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तू झालीस. सिव्हिलमध्ये तुला हातात घ्यायला पुढं झाले, तर नर्स म्हणाली, तोंडाला वास येतोय, बाळाला नका घेऊ. तसेच मागं सरले. तिसऱ्या दिवशी आले ते आंघोळ करून, नवा शर्ट घालून. मग कधी नाही."

"आणि हाताचा वास?"

"हाताचा कुठं जातोय. पोटाचा धंदाच तो. साबण लावून लावून हात फाटायचे त्यांचे. तुला घ्यायचं असलं की आधी राखेनं धुवायचे." आई किंचित हसली. "तू तरी नाक मुरडायचीस."

हर्षदा रडली नाही. पायरीवर तिच्या शेजारी बरीच जागा होती, तरी आई सरकून तिला चिकटून बसली.

*

पुढच्या सोमवारी प्रयोगशाळेत एक बदल झाला. तुकड्याबरोबर येणाऱ्या फॉर्मवर व्यसनाच्या रकान्यावर जाड कागदाची पट्टी चिकटवलेली असायची. आधी काच बघायची, मत लिहायचं, मग पट्टी उचलायची. पहिल्या दिवशीच्या सगळ्या पट्ट्या डॉक्टर मगदुमांनी स्वतः कापल्या आणि वाकड्या कापल्या. चौतीस सालच्या त्या रिपोर्टखाली त्यांनी दुरुस्ती लिहिली, तारीख घातली, आणि एक प्रत हर्षदाच्या हातात दिली. "घरी दे," म्हणाले. नंतर तिच्या टेबलापाशी उगीचच थोडा वेळ उभे राहिले.

रविवारी हर्षदानं कपाटातून फोटो काढला आणि चौकट सुटी केली. शेडमध्ये जुन्या डब्यात चपड्याचे खडे होते. दहा वर्षांचे, एकमेकांना चिकटलेले. "ते नाही वाळणार, चिकट राहील," आई म्हणाली, आणि तिनंच गणपती पेठेतून नवा चपडा आणि स्पिरिट आणलं. आदल्या दिवशी भिजवलेलं द्रावण हर्षदानं फडक्यातून गाळलं. वाटीत मधासारखी लाख उतरली. फडक्यात राहिला तो कचरा. ती बराच वेळ वाटीकडं आणि फडक्याकडं बघत होती.

"बोळा घट्ट बांध," आई म्हणाली. "आणि थांबवू नकोस. थांबलं की डाग पडतो. गोल, गोल. ते असंच करायचे."

"तुला कसं ठाऊक?"

"पंचवीस वर्षं समोर बसून चहा पाजलाय त्यांना."

चौकट हळूहळू काळसर लाल होऊ लागली. लाकडाच्या रेषा वर आल्या. तेवढ्यात फाटकाशी कमळाकाकू थांबल्या. हातात दुधाची पिशवी, नाकाला पदर.

"कसला गं वास हा, हर्षदा? घरात कोण काय प्यायलं की काय?"

शालनबाई उठायला लागल्या. हर्षदानं मोकळ्या हातानं त्यांचा हात धरला, आणि दुसऱ्या हातातला बोळा थांबू दिला नाही.

"स्पिरिटचा वास आहे, काकू," ती म्हणाली. "अण्णांच्या हाताला यायचा तो. या आत, फोटो लावतोय. तुम्हालाही सांगते सगळं."

कमळाकाकू क्षणभर तिथंच घुटमळल्या. मग फाटकाची कडी त्यांनी स्वतःच काढली आणि आत आल्या.